कोलिनेस्टरेज: आजोबांची गोळी, कपाशीची फवारणी आणि मेंदू – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खान्देशातल्या काही घरांत ही जोडी सापडेल: देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आजोबांच्या विसराळूपणाची गोळी, डोनेपेझिल, आणि मागच्या खोलीत पंपाजवळ प्रोफेनोफॉस किंवा क्लोरपायरिफॉसची बाटली. एक डॉक्टरांनी लिहून दिलेलं, दुसरं कृषी केंद्रातून आणलेलं. दोन्ही शरीरात जाऊन एकाच एन्झाइमला अडवतात. त्याचं पूर्ण नाव अ‍ॅसिटाइलकोलिनेस्टरेज. इथं सोयीसाठी नुसतं कोलिनेस्टरेज म्हणू. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं खाली आहेत. फवारणीत कुणाला त्रास होत असेल म्हणून तुम्ही इथं आला असाल, तर बाकीचं सोडा आणि थेट "वावरात कुणी कोसळलं तर" या प्रश्नाकडे जा.

हे एन्झाइम नेमकं करतं काय?

एका चेतापेशीला दुसरीला निरोप द्यायचा असतो तेव्हा ती मधल्या बारीक फटीत अ‍ॅसिटाइलकोलिन नावाचं रसायन सोडते. पलीकडची पेशी ते टिपते आणि कामाला लागते. पण निरोप पोचल्यावर ते रसायन तिथून लगेच हटलं पाहिजे. वावरात पाणी भरताना एक सरी भरली की बारं मोडून पाणी पुढं वळवावं लागतं. नाही वळवलं तर ती सरी फुटते आणि पुढच्या कोरड्या राहतात. कोलिनेस्टरेजचं काम तेच. ते अ‍ॅसिटाइलकोलिनचे दोन तुकडे करतं, अ‍ॅसिटेट आणि कोलिन. कोलिन पुन्हा पेशीत ओढलं जातं आणि त्यातून नवं अ‍ॅसिटाइलकोलिन तयार होतं.

वेग थक्क करणारा आहे. या एन्झाइमचा एक रेणू सेकंदाला हजारो रेणू तोडतो. शरीरातल्या सर्वांत वेगवान एन्झाइमांमध्ये त्याची गणना होते. १९९१ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्याची त्रिमिती रचना उलगडली, तीही विजेचा झटका देणाऱ्या टॉर्पेडो माशाच्या अवयवातून काढलेल्या एन्झाइमवरून. तेव्हा दिसलं की तोडण्याची जागा पृष्ठभागावर नाही, एका खोल अरुंद घळीच्या तळाशी आहे. आजोबांची गोळी त्याच घळीत जाऊन बसते. फवारणीचं विषही तिथंच शिरतं.

ते फक्त मेंदूत असतं का?

नाही, आणि पुढचा सगळा घोळ त्यामुळेच होतो. स्नायू हलवणाऱ्या नसांच्या टोकाशी, हृदयाचा वेग कमी करणाऱ्या नसेशी, लाळ, घाम, डोळ्याची बाहुली, आतडी, श्वासनलिका, सगळीकडे अ‍ॅसिटाइलकोलिनचा कारभार आहे आणि तिथं हे एन्झाइमही आहे. रक्तातल्या तांबड्या पेशींवरही ते असतं. त्याचं एक भावंड, ब्युटिरिलकोलिनेस्टरेज, यकृतात बनून रक्तद्रवात फिरतं. रक्ताच्या तपासणीत बहुतेक वेळा हे भावंडच मोजलं जातं.

याचा शोध कसा लागला?

१९२१ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये ऑटो लोवी यांनी बेडकांची दोन हृदयं घेतली. एका हृदयाची नस उत्तेजित करून त्याचा वेग कमी केला आणि त्याच्या भोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला. दुसरंही मंदावलं. म्हणजे नस विजेनं नव्हे, रसायनानं बोलत होती. हा प्रयोग लोवींना झोपेत सुचला होता. रात्री उठून त्यांनी तो कागदावर खरडला, सकाळी स्वतःचं अक्षर त्यांना लागेना, आणि दुसऱ्या रात्री तीच कल्पना पुन्हा आली तेव्हा ते तडक प्रयोगशाळेत गेले. ते रसायन झटपट नाहीसं करणारं काहीतरी असलं पाहिजे, हा अंदाज इंग्लंडच्या हेन्री डेल यांनी १९१४ मध्येच बांधला होता. दोघांना १९३६ चं नोबेल मिळालं. १९३८ मध्ये नाझींनी लोवींना अटक केली आणि बक्षिसाचे पैसे काढून घेऊनच देश सोडू दिला.

१९३६ याच वर्षाची दुसरी गोष्टही सांगायला हवी. जर्मनीत गेरहार्ड श्राडर नावाचे रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशक शोधत होते. त्यांच्या हाती टाबुन लागला. दोन वर्षांनी सारिन. हे दोन्ही युद्धातले विषारी वायू म्हणून कुप्रसिद्ध झाले; सारिनचा हल्ला १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत झाला. कपाशीवर मारली जाणारी ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकं याच कुळातली, पुष्कळ सौम्य केलेली भावकी. किडीच्या मज्जासंस्थेतही हेच एन्झाइम असतं, म्हणून ती मरते. माणसाचं एन्झाइम किडीच्या एन्झाइमपेक्षा फार वेगळं नाही.

विसराळूपणाशी, म्हणजे अल्झायमरशी, याचा संबंध काय?

मेंदूच्या तळाशी पेशींचा एक पुंजका असतो, त्याला मायनर्टचा पुंजका म्हणतात. तिथून निघणारे तंतू सगळ्या मेंदूच्या सालीत पसरतात आणि लक्ष देणं, नवं लक्षात ठेवणं या कामांसाठी अ‍ॅसिटाइलकोलिन पुरवतात. १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या संशोधकांना दिसलं की अल्झायमरनं गेलेल्यांच्या मेंदूत अ‍ॅसिटाइलकोलिन बनवणारं एन्झाइम फार कमी झालेलं असतं. म्हणजे निरोप्याच उरला नव्हता. मग विचार असा झाला: निरोप कमी निघतो ना, तर निघालेला निरोप तोडणाऱ्याला जरा थोपवू, म्हणजे आहे तेवढा जास्त वेळ टिकेल.

या विचारातून १९९३ मध्ये अमेरिकेत टॅक्रिनला मान्यता मिळाली. यकृताला बाधायचं म्हणून ते पुढं मागं पडलं. १९९६ मध्ये डोनेपेझिल आलं, २००० मध्ये रिव्हास्टिग्मिन, २००१ मध्ये गॅलँटामिन. गॅलँटामिन मुळात युरोपातल्या एका कंदफुलातून मिळालं.

एक गैरसमज इथंच काढून टाकू. या रोगात कोलिनेस्टरेज "वाढलेलं" नसतं. पेशी मरतात त्यांच्याबरोबर तेही कमी होतं. रोगाचं मूळ अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर, टाऊ प्रथिनांचे गुंते आणि पेशींची मर यांत आहे. एन्झाइम अडवणं हा मुळावरचा इलाज नाही, तोकड्या पुरवठ्यात भागवण्याची युक्ती आहे.

मग गोळीनं आजोबा बरे होतील का?

नाही. हे स्पष्ट सांगणारे डॉक्टर चांगले समजा. गोळीनं काही जणांचं लक्ष, बोलणं, रोजची कामं काही महिने जरा बरी राहतात. काहींमध्ये फरक घरच्यांनाही कळत नाही. रोग आतून पुढं सरकत राहतो. म्हणून "तीन महिने झाले, आजोबा अजून दोनदा चहा मागतात" ही तक्रार गोळीच्या विरोधात पुरावा धरता येत नाही. गोळी नसती तर काय झालं असतं ते कुणालाच दिसत नाही. मात्र ठरावीक काळानं डॉक्टरांशी बसून चालू ठेवायची की नाही हे ठरवावं. आपल्या मनानं एकदम बंद करू नये. काही रुग्ण बंद केल्यावर झपाट्यानं घसरतात.

गोळी सुरू करण्याआधी मात्र दुसरी कारणं तपासलीच पाहिजेत: ब-१२ ची कमतरता (शुद्ध शाकाहारी, माळकरी घरांत हे विसरू नका), थायरॉइड, साखर, नैराश्य, पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त. यांतली काही पूर्ण बरी होतात.

रोजची मात्रा किती, आणि त्रास काय होतो?

डोनेपेझिल बहुधा रोज एक, ५ मिलिग्रॅमनं सुरू करून महिना-दीड महिन्यानं १० पर्यंत नेतात. ते शरीरात फार सावकाश उतरतं, अर्धं जायला तीन दिवसांच्या आसपास लागतात. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका. रिव्हास्टिग्मिन गोळीत दिवसातून दोनदा असतं, पाठीवर चिकटवायची पट्टीही मिळते. पट्टीनं उलट्या कमी होतात. पण जुनी काढल्याशिवाय नवी लावू नका. दोन-दोन पट्ट्या लावून ठेवल्यामुळे गंभीर विषबाधा झाल्याची उदाहरणं आहेत.

मळमळ, जुलाब, भूक कमी होणं, पायात गोळे, विचित्र ठसठशीत स्वप्नं हे नेहमीचे त्रास. स्वप्नांनी आजोबा रात्री ओरडून उठत असतील तर डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी देता येते. नाडी मंद होणं हा खरा धोका. चक्कर येऊन पडले, तर "वयामुळे" म्हणून सोडू नका, नाडी आणि इसीजी बघा. दमा, जुना अल्सर, किंवा गुडघेदुखीसाठी रोजच्या वेदनाशामक गोळ्या असतील तर आधीच सांगा.

कोणत्या गोळ्या याच्याबरोबर चालत नाहीत?

याकडे फारसं कुणी बघत नाही. एका हातानं आपण अ‍ॅसिटाइलकोलिन वाढवायची गोळी देतो, आणि दुसऱ्या हातानं पोटात कळ आली म्हणून मेडिकलवरून डायसायक्लोमिन आणतो. ते अ‍ॅसिटाइलकोलिनलाच अडवतं. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठीचं अ‍ॅमिट्रिप्टिलीन, वारंवार लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन, कंपासाठीचं ट्रायहेक्सिफेनिडिल, सगळी त्याच बाजूची. म्हाताऱ्या माणसाला यांतल्या दोन-तीन एकत्र मिळाल्या की एका रात्रीत भ्रम होऊ शकतो. मग घरात चर्चा "रोग वाढला" अशी होते. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता, त्यात आयुर्वेदिक आणि शेजाऱ्यानं दिलेलीही.

दोन्ही एकाच एन्झाइमला अडवतात, तर फवारणीच्या औषधानं स्मरणशक्ती वाढेल का?

हा प्रश्न चेष्टेत विचारला जातो, पण उत्तर गंभीर आहे. फरक तीन ठिकाणी आहे.

पहिला, पकड. डोनेपेझिल त्या घळीत येऊन बसतं आणि उठून जातं. ऑर्गॅनोफॉस्फरस विष एन्झाइमच्या मर्मस्थानी रासायनिक बंध जोडून बसतं. काही वेळानं त्या जोडाचा एक तुकडा गळून पडतो आणि बंध कायमचा होतो. याला एन्झाइम "म्हातारं होणं" म्हणतात. मोनोक्रोटोफॉससारख्या डायमिथाइल गटाच्या औषधांत निम्मं एन्झाइम तीन-चार तासांत असं होतं, क्लोरपायरिफॉससारख्या डायइथाइल गटात दीडएक दिवस लागतो. त्यानंतर कोणताही उतारा त्या एन्झाइमला सोडवू शकत नाही. शरीराला नवं बनवावं लागतं.

दुसरा, जागा. गोळी मुख्यतः मेंदूसाठी निवडलेली असते. विष फुप्फुसं, हृदय, स्नायू काही सोडत नाही.

तिसरा, प्रमाण. गोळी एन्झाइमचा काही भागच अडवते. विषबाधेत निम्म्याहून जास्त एन्झाइम बंद पडलं की लक्षणं उघड दिसू लागतात, आणि जवळजवळ सगळं बंद पडलं की श्वास थांबतो.

फवारणी करणाऱ्याला बाधा झाली हे कसं ओळखायचं?

सुरुवात फसवी असते. डोकं जड, मळमळ, घाम, डोळ्यांपुढं धूसर. आपल्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरची उकाड, कपाशी छातीच्या वर गेलेली. माणूस म्हणतो "डोकं दुखी ऱ्हायनं, बाकी काही नही" आणि पुढचा पंप भरतो. उन्हामुळे झालं असं सगळ्यांनाच वाटतं. वेगळं ओळखायच्या खुणा: डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला लाळ सुटते, नाकाडोळ्यांतून पाणी, छातीत घुरघुर, पोटात कळ आणि जुलाब, लघवी आवरत नाही, दंडा-मांड्यांचे स्नायू कातडीखाली वळवळताना दिसतात. पुढं झटके आणि बेशुद्धी. नुसत्या उन्हानं बाहुल्या अशा बारीक होत नाहीत.

विष नाकातोंडातून जातं असा समज आहे, पण फवारणीत मोठा वाटा कातडीचा असतो. पाठीवर गळणारा पंप, ओला सदरा, अनवाणी पाय, घामानं उघडलेली कातडी. नोझल तुंबलं की तोंडानं फुंकायची सवय. आणि त्याच हातानं चोळलेली तंबाखू, जिच्यातलं निकोटिन अ‍ॅसिटाइलकोलिनच्याच काही कुलपांवर जाऊन काम करतं. २०१७ मध्ये शेजारच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीच्या फवारणीत वीसपेक्षा जास्त माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यांत भरती झाली. तिथं एकाहून अधिक प्रकारची औषधं, कधी मिसळून, वापरात होती. तेव्हा सगळा दोष या एका एन्झाइमवर ढकलता येणार नाही, पण मिश्रण किती घातक ठरू शकतं हे दिसलं.

वावरात कुणी कोसळलं तर पहिल्या पंधरा मिनिटांत काय करायचं?

१०८ ला फोन करा. गाडी यायला वेळ असेल, सातपुड्यातल्या पाड्यांवर तो असतोच, तर मिळेल त्या वाहनानं निघा. निघण्याआधी कपडे काढा. सगळे. साबण आणि भरपूर पाण्यानं अंग, केस, नखं धुवा. धुणाऱ्यानं हातात पिशवी किंवा हातमोजे घालावेत, नाहीतर संध्याकाळी दोघं भरती होतात. माणसाला डाव्या कुशीवर वळवा, तोंडातली लाळ पुसत राहा.

उलटी करायला लावू नका. मिठाचं पाणी, दूध, तूप, लिंबू काही पाजू नका. बाटलीतलं विष बहुधा रॉकेलसारख्या द्रावकात विरघळवलेलं असतं. उलटीतून ते फुप्फुसात गेलं तर दुसरंच संकट. बाटली किंवा तिचं लेबल मात्र बरोबर न्या. डॉक्टरांना त्यातलं रसायनाचं नाव हवं असतं. लेबलवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. उताऱ्याचं नावही तिथंच छापलेलं असतं.

भगताकडे आधी आणि दवाखान्यात नंतर, हा क्रम जीव घेतो.

दवाखान्यात नेल्यावर माणूस शुद्धीवर आला, पण वेड्यासारखं का करतोय?

त्याला अ‍ॅट्रोपिन दिलेलं आहे. साचलेल्या अ‍ॅसिटाइलकोलिनचे दरवाजे अ‍ॅट्रोपिन अडवतं, छातीतलं पाणी सुकवतं, नाडी वाढवतं. दर पाच-दहा मिनिटांनी मात्रा दुप्पट करत जातात, छाती कोरडी होईपर्यंत. त्यात तोंड सुकतं, अंग तापतं, माणूस हवेत काहीतरी पकडायला लागतो, चादर ओढतो, नातेवाइकांना ओळखत नाही. धोतऱ्याचं बी खाल्लेला जसा वागतो तसाच, कारण धोतऱ्यातही अ‍ॅट्रोपिनच्याच गटाची द्रव्यं असतात. हात बांधलेले बघून घरच्यांचा जीव तुटतो, भांडणं होतात. मात्रा कमी केल्यावर हे उतरतं. त्या वेळी डॉक्टरांशी भांडण्यापेक्षा कुणीतरी एक ओळखीचा आवाज त्याच्या जवळ बसलेला बरा.

दुसऱ्या दिवशी बोलायला लागला, घरी नेऊ का?

नका नेऊ. यासाठी तरी हे पान जपून ठेवा.

विषबाधेनंतर साधारण एक ते चार दिवसांच्या दरम्यान काही रुग्णांना दुसरा फटका बसतो. १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी त्याचं नीट वर्णन केलं. लाळ थांबलेली, शुद्ध आलेली, आणि अचानक मान उचलत नाही. मग दंड-मांड्या ढिल्या पडतात, श्वासाचे स्नायू दमतात. रात्री वॉर्डात सगळे झोपलेले असताना श्वास बंद पडू शकतो. यावर अ‍ॅट्रोपिनचा उपयोग नाही, व्हेंटिलेटर लागतो. तो वेळेत मिळाला तर माणूस बहुधा वाचतो. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ एक साधी परीक्षा: "उशीवरून डोकं उचल, थोडं धरून ठेव." जमलं नाही तर लगेच नर्सला बोलवा.

कपाशीची वेचणी आली, घरी गुरं आहेत, भाडं वाढतंय, ही ओढ कळते. तरी डॉक्टर जा म्हणेपर्यंत हलू नका.

तिसरा फटका क्वचित, दोन-तीन आठवड्यांनी: पायांना मुंग्या, मग पावलं लुळी. तो या एन्झाइममुळे होत नाही. न्यूरोपथी टार्गेट एस्टरेज नावाचं वेगळं एन्झाइम त्याला कारण असतं, आणि ते विशिष्ट औषधांतच बिघडतं.

पाम नावाचं इंजेक्शन महाग आहे, ते द्यायलाच हवं का?

पाम म्हणजे प्रॅलिडॉक्सिम. ते विषाचा जोड तोडून एन्झाइम सोडवतं, पण एन्झाइम "म्हातारं" होण्याआधी. त्यावर डॉक्टरांत मतभेद आहेत, आणि त्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. बारामतीच्या डॉक्टरांनी २०० रुग्णांवर केलेल्या चाचणीत सतत मोठ्या मात्रेनं दिल्यावर फायदा दिसला. ती २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. २००९ मध्ये श्रीलंकेतल्या चाचणीत फायदा दिसला नाही. माझं मत विचाराल तर लवकर पोचलेल्या रुग्णात डॉक्टर देत असतील तर देऊ द्यावं. पण पाम नाही म्हणून रुग्ण घेऊन शहराकडे पळू नये. जीव वाचवतात ते अ‍ॅट्रोपिन आणि श्वासाची सोय, त्यामुळे आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात अ‍ॅट्रोपिन सुरू करा आणि मग पुढं हलवा.

वर्षानुवर्षं फवारणी करणाऱ्याच्या मेंदूवर परिणाम होतो का?

एकदा मोठी विषबाधा होऊन वाचलेल्या लोकांत पुढं लक्ष, स्मरण, प्रतिक्रियेचा वेग कमी असल्याचं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत आढळलं आहे. थोड्या थोड्या संपर्काबाबत पुरावे सरमिसळ आहेत. गर्भातल्या बाळाबाबत काळजी जास्त आहे: क्लोरपायरिफॉसच्या संपर्काचा मुलांच्या बौद्धिक वाढीशी संबंध दाखवणारे अभ्यास झाले, आणि २०२० मध्ये युरोपीय संघानं त्याचा परवाना पुढं चालू ठेवला नाही. भारतात २०१८ च्या आदेशानं फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस अशी काही औषधं २०२० अखेर बंद करायचं ठरलं. गरोदर बाईनं फवारलेल्या वावरात निंदायला जाऊ नये, फवारणीचे कपडे तिनं धुऊ नयेत, एवढं तरी आज करता येतं.

रक्ततपासणी करावी का?

"सीरम कोलिनेस्टरेज" जिल्ह्याच्या ठिकाणी बऱ्याच लॅबमध्ये होते. पण माणसामाणसांत तिचा आकडा इतका बदलतो की एकट्या आकड्यावरून काही ठरत नाही. यकृताच्या आजारातही तो उतरतो. पैसे घेऊन फवारणी करणाऱ्या मजुरांची हंगामाआधी एकदा आणि मध्यावर एकदा तपासणी झाली, तर ज्याच्या त्याच्या आधीच्या आकड्याशी तुलना करता येते. हे कुठं नियमानं होताना दिसत नाही, आणि व्हायला हवं. तांबड्या पेशींवरचं एन्झाइम पूर्ण भरून यायला महिने लागतात, कारण त्या पेशीच सुमारे १२० दिवस जगतात. अल्झायमरसाठी मात्र या तपासणीचा उपयोग नाही.

बामणोदच्या वांग्यांवर फवारलेलं असतं, भरीत खावं की नाही?

खावं. भरीत पार्टीला नाही म्हणण्याइतका धोका नाही. फवारणी आणि तोड यांत लेबलवर सांगितलेले दिवस जाऊ दिले, वांगी धुतली, भाजून साल काढली की अंश बराच कमी होतो. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून बंदी आहे. ते वांग्यावर मारणारा शेतकरी स्वतःच्या नातवालाही तेच खाऊ घालतो. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणात हेच विष गेलं आणि २३ मुलं दगावली. म्हणून रिकामा कीटकनाशकाचा डबा तेलाला, पाण्याला, कशालाही वापरायचा नाही.

गंमत अशी की बटाटा हिरवा पडला, कोंब आले की त्यात सोलानिन वाढतं, आणि ते याच एन्झाइमला थोडं अडवतं. हिरवा बटाटा टाकून द्या.

नाग चावला तर याचा काही संबंध?

आहे. नागाचं विष स्नायूंवरचे अ‍ॅसिटाइलकोलिनचे दरवाजे बंद करतं. पापण्या मिटतात, श्वास अडतो. प्रतिविषाबरोबर कधी निओस्टिग्मिन देतात, जे कोलिनेस्टरेज अडवून अ‍ॅसिटाइलकोलिन वाढवतं आणि दरवाजे ढकलायला मदत करतं. मण्यारीत ते फारसं चालत नाही, तिचं विष नसेच्या टोकालाच इजा करतं. पण विषबाधेची लक्षणं दिसली की नाग असो वा मण्यार, आधी प्रतिविष, हे बदलत नाही.

घरात औषधाची बाटली आहे आणि घरातलं कुणी फार खचलेलं आहे. काय करू?

बाटल्या आजच घराबाहेर काढा: शेतातल्या खोलीत, कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. त्या माणसाला सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. कुणी काही प्यायलं असेल तर वर सांगितलेलं सगळं तसंच लागू, आणि दवाखान्यात खरं सांगा.

हे एन्झाइम वाढवायला काय खावं?

काही नाही. ते वाढवायची गरज कुणालाच नसते.

आजोबांचं मोतीबिंदूचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन आहे, काही सांगायचं का?

भूलतज्ज्ञांना डोनेपेझिल किंवा रिव्हास्टिग्मिन चालू असल्याचं नक्की सांगा. भूल देताना वापरलं जाणारं स्कोलिन हे स्नायू सैल करणारं औषध रक्तातल्या ब्युटिरिलकोलिनेस्टरेजनंच उतरतं. ते अडलेलं असेल तर काही मिनिटांत उतरायचा परिणाम लांबतो. काही लोकांत हे एन्झाइम जन्मतःच कमी असतं. भारतात आर्य वैश्य समाजात याचं प्रमाण जास्त असल्याचं भूलतज्ज्ञांना माहीत आहे. घरात कुणाला ऑपरेशननंतर श्वास यायला फार वेळ लागला होता का, एवढं आठवून सांगितलं तरी पुरे. आणि फवारणीच्या हंगामात अंगावर औषध सांडल्यानंतरच्या आठवड्यांत ठरवलेलं ऑपरेशन असेल, तर तेही सांगा.